मुंबई हायचे तेल शिजले कोठे? गाळातील सेंद्रिय पदार्थापासून खनिज तेलापर्यंत

प्रश्न: मी भूशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. समुद्रातील जीव गाळाखाली गाडले गेले आणि प्रचंड दाब व उष्णता यांमुळे त्यांचे तेल झाले, असे पुस्तकात एका वाक्यात दिले आहे. महाराष्ट्र तर बेसाल्टचा, मग मुंबई हायला तेल आले कोठून? तेथील तेल चुनखडकात आहे, म्हणजे ते शंखशिंपल्यांपासून झाले का? आणि हा बदल प्रयोगशाळेत प्रत्यक्ष पाहता येतो का?

उत्तर: माझी बरीच वर्षे मातृखडकांचे, म्हणजे ज्या खडकांत तेल जन्मते अशा खडकांचे नमुने तपासण्यात गेली आहेत. पुस्तकातील ते वाक्य चूक नाही, पण त्यात ‘दाब’ हा शब्द आधी आल्यामुळे विद्यार्थ्याच्या डोळ्यांसमोर तेलाचा घाणा उभा राहतो. घाण्यात तिळातले तेल बाहेर पडते, कारण ते तिळात आधीपासून असते. गाळाच्या खडकात सुरुवातीला तेल नसतेच. तेथे असतो तो एक घट्ट, काळपट-तपकिरी, कोणत्याही द्रावकात न विरघळणारा पदार्थ, आणि त्याचे मोठे रेणू उष्णतेने तुटतात तेव्हा त्या तुकड्यांपैकी काही द्रवरूप असतात, काही वायुरूप. खनिज तेल पिळून निघत नाही, तुटून निघते. दाबाचे काम पुढे आहे, तयार झालेले तेल खडकाबाहेर ढकलण्याचे. त्याकडे नंतर येतो.

प्रथम कच्च्या मालाविषयी. समुद्रात जे सेंद्रिय द्रव्य तयार होते त्यातील एक टक्क्याहूनही कमी भाग गाळात टिकून राहतो. उरलेले सगळे पाण्यातच किंवा तळाच्या पहिल्या काही सेंटिमीटरांत जीवाणू आणि कृमी संपवून टाकतात. टिकण्यासाठी तळाशी प्राणवायू कमी हवा, गाळ बारीक हवा, म्हणजे पाणी त्यातून सहज फिरत नाही, आणि गाळ साचण्याचा वेग असा हवा की सेंद्रिय द्रव्य लवकर झाकले जाईल, मात्र इतकाही नको की ढीगभर मातीत ते नावापुरते उरेल. म्हणूनच मातृखडक बहुधा शेल (बारीक चिखल घट्ट होऊन झालेला पातळ थरांचा खडक) किंवा चिखलाचे चुनखडक असतात आणि स्वच्छ वाळूचे खडक जवळजवळ कधीच नसतात. या सगळ्यात मोठ्या प्राण्यांचा वाटा नगण्य आहे. डायनोसॉरचे तेल ही कल्पना लोकप्रिय असली तरी मुंबई हायच्या बाबतीत तर ती कालगणनेतही बसत नाही. तेथील मातृखडक डायनोसॉर नष्ट झाल्यानंतरचे आहेत. खरे मानकरी म्हणजे शेवाळ, प्लवक, जीवाणू आणि जमिनीवरून वाहून आलेली पाने, बीजाणू, परागकण, मेण व राळ.

गाडल्या गेलेल्या या द्रव्यातील प्रथिने आणि शर्करा लवकर फुटतात. जीवाणू आधी प्राणवायू वापरतात, तो संपला की पाण्यातील सल्फेट, आणि तेही संपले की मिथेन तयार करणारे सूक्ष्मजीव कामाला लागतात. दलदलीतून बुडबुडे येतात तो हाच वायू. त्याचा खोलवरच्या तेलाशी संबंध नाही. जे पचत नाही, विशेषतः स्निग्ध पदार्थ, पेशींच्या चिवट भिंती, पानांवरचे मेणाचे आवरण, ते एकमेकांत गुंतून त्यांचे मोठे जाळे बनते. त्यालाच केरोजेन म्हणतात. हा शब्द विसाव्या शतकाच्या आरंभी स्कॉटलंडमधील तेलशेलसाठी अलेक्झांडर क्रम ब्राउन यांनी घडवला. त्याचा अर्थ साधारणपणे ‘मेण देणारा’ असा होतो, आणि तो चपखल आहे.

केरोजेन पाहायचे असेल तर काळ्या शेलची पूड क्लोरोफॉर्मसारख्या द्रावकात बराच वेळ उकळा. द्रावकाला पिवळसर-तपकिरी रंग येईल, तो उतरवून घ्या. ते खडकात आधीच सुटे असलेले थोडेसे तेलकट द्रव्य. पूड मात्र काळीच राहील. मग ती पूड प्रथम हायड्रोक्लोरिक आणि नंतर हायड्रोफ्लोरिक आम्लात टाकली की कार्बोनेटे आणि सिलिकेटे निघून जातात आणि तळाशी हलका, मखमली, काळा साका राहतो. (हायड्रोफ्लोरिक आम्ल अत्यंत घातक आहे, महाविद्यालयात हा प्रयोग करू नका.) शंभर ग्रॅम चांगल्या शेलमधून असा साका दोनचार ग्रॅम मिळाला तरी आम्ही खूश असतो. खडकात सेंद्रिय कार्बन अर्धा टक्काही नसेल तर त्याला मातृखडक म्हणण्यात सहसा अर्थ नसतो.

आता जो मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो: हे सारे प्रकरण हायड्रोजनच्या वाटपाचे आहे. तेलात प्रत्येक कार्बन अणूमागे सरासरी दोनच्या थोडे खाली हायड्रोजन अणू असतात आणि मिथेनमध्ये चार. केरोजेनमध्ये हे प्रमाण त्याहून कमी असते, सरोवरातील शेवाळाच्या केरोजेनमध्ये दीडच्या आसपास किंवा वर, लाकडापासून झालेल्यात एकाच्याही खाली. म्हणजे केरोजेन तुटते तेव्हा निघून जाणारे तुकडे आपल्या वाट्यापेक्षा जास्त हायड्रोजन घेऊन जातात आणि मागे उरलेला भाग अधिकाधिक कार्बनी होत ग्रॅफाइटकडे सरकतो. एक बाजू हलकी आणि वाहती होते, तेव्हाच दुसरी जड आणि निर्जीव होते. ज्या केरोजेनकडे मुळातच हायड्रोजन कमी, त्याला कितीही तापवले तरी भरपूर तेल मिळणार नाही. चंद्रपूर-वणीकडचा गोंडवन कोळसा हे घरचे उदाहरण. तेथे सेंद्रिय द्रव्य रग्गड आहे, पण त्याचा मोठा भाग लाकडापासून आलेला आणि काही भाग तर गाडला जाण्याआधीच हवेत ऑक्सिडीभूत झालेला आहे. पुस्तकांत केरोजेनचे जे पहिला, दुसरा, तिसरा असे प्रकार दिलेले असतात, ते पाठ करण्यापेक्षा प्रत्येकाकडे हायड्रोजन किती हे लक्षात ठेवले तर पुढचे आपोआप समजते.

उष्णतेचे म्हणाल तर साधारण ६० अंश सेल्सिअसच्या खाली फारसे काही घडत नाही. ६० ते १५० अंशांच्या पट्ट्यात तेल बनते, त्यातही बहुतेक १०० अंशांच्या आगेमागे. त्यापुढे राहिलेले केरोजेन आणि खडकात अडकलेले तेल दोन्ही तुटून वायू होतो. मात्र हे आकडे दगडावरची रेघ नव्हेत, कारण अभिक्रियेचा वेग तापमानावर घातांकी पद्धतीने अवलंबून असतो आणि वेळ कमी असेल तर तापमान जास्त लागते. ढोबळ हिशेब असा की तापमान दहा अंशांनी वाढले की वेग साधारण दुप्पट होतो. त्यामुळे ज्या तरुण खोऱ्यात गाळ भराभर साचला तेथे तेल थोड्या जास्त तापमानाला बनू लागते आणि जेथे खडक कोट्यवधी वर्षे मंद आचेवर राहिला तेथे कमी तापमानाला. तेल क्षेत्रातील लोक या खोल, तापलेल्या भागाला ‘किचन’ म्हणतात. शब्द गमतीचा वाटला तरी नेमका आहे: भांड्यात काय आहे, आच किती आणि ती किती वेळ, हे तिन्ही कळल्याशिवाय पदार्थाचे भाकीत करता येत नाही.

खडकाला किती आच लागली हे कळण्यासाठी आम्ही त्यातील बीजाणू आणि परागकण पाहतो. सूक्ष्मदर्शकाखाली कोवळ्या खडकातले कण फिकट पिवळे असतात, मग सोनेरी, नारिंगी, तपकिरी आणि शेवटी काळे. कढईत कांदा परतताना जे रंग दिसतात तेच, त्याच क्रमाने, आणि अर्थात उलट दिशेने कधीच नाही. अधिक नेमके मोजमाप लाकडी द्रव्यापासून झालेल्या व्हिट्रिनाइट नावाच्या कणांवर होते. घासून गुळगुळीत केलेल्या पृष्ठभागावर तेलाचा थेंब ठेवून हे कण किती प्रकाश परावर्तित करतात ते मोजायचे, सुमारे ०.६ टक्क्याला तेलाची सुरुवात आणि १.३ टक्क्याच्या आसपास तेलाची अखेर, असे धरतात.

तिसरी चाचणी रॉक-इव्हॅल यंत्राची, आणि तुमच्या ‘प्रयोगशाळेत दिसते का’ या प्रश्नाचे पहिले उत्तर तिच्यात आहे. विहिरीतून मडबरोबर, म्हणजे खोदताना आत फिरवल्या जाणाऱ्या चिखलासारख्या द्रवाबरोबर, वर आलेले खडकाचे तुकडे, ज्यांना सगळे कटिंग्जच म्हणतात, धुऊन, वाळवून, चिमट्याने निवडून कुटायचे आणि चिमूटभर, सुमारे शंभर मिलिग्रॅम, पूड छोट्या धातूच्या कुपीत घालून निष्क्रिय वायूच्या प्रवाहात तापवायची. ३०० अंशांना जे बाहेर येते ते खडकात आधीच तयार असलेले हायड्रोकार्बन, तो आलेखावरचा पहिला उंचवटा. त्यानंतर मिनिटाला २५ अंश या गतीने तापमान वाढवत नेले की केरोजेन फुटू लागते आणि दुसरा, मोठा उंचवटा उमटतो. तो म्हणजे खडकात अजून शिल्लक असलेली क्षमता. समजा दुसऱ्या उंचवट्यातून दर ग्रॅम खडकामागे ६ मिलिग्रॅम हायड्रोकार्बन निघाले आणि सेंद्रिय कार्बन ३ टक्के असला, तर दर ग्रॅम कार्बनमागे २०० मिलिग्रॅम, म्हणजे हायड्रोजन मध्यम. दुसरा उंचवटा ज्या तापमानाला शिखर गाठतो तेही नोंदवतात. ते ४३५ अंशांच्या आसपास असेल तर खडक तेलाच्या उंबरठ्यावर आहे. पण खडक कधीकाळी ४३५ अंशांपर्यंत तापला होता, असा अर्थ कृपया काढू नका. तोंडी परीक्षेत ही चूक मी इतक्यांदा ऐकली आहे की आता मी तो प्रश्न मुद्दाम विचारतो.

या चाचणीने मलाही एकदा तोंडघशी पाडले आहे. एका खोल विहिरीच्या नमुन्यात पहिला उंचवटा अवाढव्य आला आणि दुसऱ्याचे शिखर ४१८ अंशांवर, तर त्याच्या वरचे आणि खालचे नमुने ४४० च्या जवळ. मी उत्साहाने ‘मुक्त तेलाचा थर’ असे लिहून मोकळा झालो. नंतर ड्रिलिंगच्या रोजनाम्यात सापडले की त्याच खोलीला पाइप अडकला होता आणि तो सोडवण्यासाठी मडमध्ये डिझेल सोडले होते. पूड द्रावकाने धुऊन पुन्हा तपासली, तर पहिला उंचवटा जवळजवळ नाहीसा झाला आणि शिखर ४३९ वर आले. तेव्हापासून आलेख उघडण्याआधी मी रोजनामा वाचतो.

आता मुंबई हाय. मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर, सुमारे ७५ मीटर पाण्याखाली असलेले हे क्षेत्र १९७४ मध्ये ‘सागर सम्राट’ या समुद्रतळावर पाय टेकवून उभ्या राहणाऱ्या रिगवरून केलेल्या खोदाईत सापडले आणि १९७६ मध्ये त्यातून उत्पादन सुरू झाले. दख्खनचा लाव्हा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी पसरला तेव्हा आजचा पश्चिम किनारा ताणला जात होता. भूकवच पातळ होऊन तडकले, काही पट्टे खचले, काही उंच राहिले. मुंबई हाय हा असाच उंच राहिलेला भाग. खचलेल्या भागांत, थेट त्या बेसाल्टच्या डोक्यावर, पुढील काळात गाळ साचू लागला. म्हणजे बेसाल्ट ही त्या भांड्याची बूड आहे. स्वयंपाक त्याच्या वर झाला. सर्वांत खालचा गाळ पन्ना या नावाने ओळखला जातो आणि पॅलिओसीन ते पूर्व इओसीन काळातील, म्हणजे सुमारे साडेसहा ते पाच कोटी वर्षांपूर्वीचा आहे. त्यात शेल आहे, वालुकाश्म आहे आणि कोळशाचे थरही आहेत. किनाऱ्यालगतच्या दलदली, खाड्या, त्रिभुज प्रदेश, मागे घनदाट उष्णकटिबंधीय अरण्य, अशा परिस्थितीत तो साचला. भारत तेव्हा उत्तरेकडे सरकत विषुववृत्ताच्या आसपास होता आणि पृथ्वीही आजच्यापेक्षा उबदार होती. त्या अरण्याचा काही अंश हातात धरून पाहायचा असेल तर सुरत जिल्ह्यातील वस्तानच्या लिग्नाइट खाणीत त्याच सुमाराच्या थरांतून राळेचे पिवळे खडे निघतात. त्यांत पाच कोटी वर्षांपूर्वीचे कीटक जसेच्या तसे अडकलेले आहेत. शेजारच्या खंबात खोऱ्यातील शेलही याच काळातला, आणि १९६० मध्ये सापडलेल्या अंकलेश्वरच्या तेलाचे मूळ त्यात आहे.

पन्नामधील केरोजेन बहुतांशी जमिनीवरील वनस्पतींचे, त्यात सागरी द्रव्याची भर. येथे एक जाणकार विद्यार्थी हमखास अडवतो: जमिनीवरच्या वनस्पतींपासून तर वायू बनतो, मग तेल कसे? लाकडापासून वायू, हे बरोबर. पण वनस्पती म्हणजे केवळ लाकूड नव्हे. पानांवरचे मेण, बीजाणूंची कवचे आणि राळ यांत हायड्रोजन भरपूर असतो, आणि असे घटक पुरेसे असलेला कोळसासुद्धा तेल देतो. ऑस्ट्रेलियातील गिप्सलँड खोरे त्याचे प्रसिद्ध उदाहरण आहे. मुंबई हायचे तेल हलके, गंधक कमी आणि मेण जास्त असलेले आहे, आणि हा स्वभाव वनस्पतिजन्य मातृखडकाशी जुळतो. हे मेणच थंड पाइपांत गोठून उत्पादन अभियंत्यांना छळते, तेव्हा खरे तर पाच कोटी वर्षांपूर्वीची पाने त्यांना छळत असतात.

चुनखडकाचे उत्तर आता सोपे आहे. मुंबई हायचा मुख्य साठा मायोसीन काळातील चुनखडकात आहे, म्हणजे तो पन्नापेक्षा कोट्यवधी वर्षांनी तरुण. शिंपल्यांचे कवच हे कॅल्शियम कार्बोनेट. त्यापासून तेल होत नाही, त्यातील छिद्रांत तेल राहायला येते. पन्नाचे जाड, सुपीक आणि चांगले तापलेले थर मुंबई हायच्या उंचवट्याच्या माथ्यावर नाहीत, ते भोवतालच्या खचलेल्या भागांत आहेत. या समुद्रात खोलीबरोबर तापमान जगाच्या सरासरीपेक्षा बरेच वेगाने वाढते, याचाही फायदा झाला. नुसते गणित करून पाहा: समुद्रतळाशी २५ अंश धरले आणि किलोमीटरला ३० अंश वाढ असली तर १०० अंशांसाठी अडीच किलोमीटर खोली लागते, वाढ ४० अंश असली तर १,९०० मीटरच्या आतच ते तापमान येते.

येथे दाबाची पाळी येते. शेलमधील छिद्रे नॅनोमीटरच्या मापाची असतात, आणि घन केरोजेनचे द्रव व वायू झाले की आकारमान वाढते. जागा मिळत नाही, छिद्रांतील दाब चढत जातो, खडकाला सूक्ष्म भेगा पडतात आणि तेल बाहेर ढकलले जाते. पण त्याआधी केरोजेन स्वतःच स्पंजासारखे बरेच तेल धरून ठेवते, म्हणून गरीब मातृखडकात तेल बनूनही बाहेर येत नाही; खडक आणखी तापला की तेथेच त्याचा वायू होतो. बाहेर पडलेले तेल पाण्यापेक्षा हलके असल्यामुळे वाळूच्या थरांतून आणि भ्रंशांतून (ज्यांच्या दोन्ही बाजूंचे खडक सरकले आहेत अशा भेगांतून) वर, उताराच्या उलट दिशेने, चढत राहते. घट्ट शेलच्या आवरणाखाली असा उंचवटा वाटेत भेटला तर तेथे साठते, नाहीतर पृष्ठभागाशी जाऊन वाया जाते. आणि जेवढे बनते त्यातील बहुतेक वायाच जाते. मुंबई हाय आणि हिरा या क्षेत्रांत तळच्या भेगाळलेल्या खडकांतही, बेसाल्टसह, तेल मिळाले आहे. त्यावरून कोणी ‘बेसाल्टातून तेल आले’ म्हणाले तर त्याला विचारा की शेजारी, खालच्या पातळीवर, पन्नाचे शेल आहेत की नाहीत.

तेल सजीवांपासूनच आले कशावरून, असे तुम्ही विचारलेले नाही, पण पुढे कोणीतरी विचारेल. १८७७ मध्ये मेंडेलेव्ह यांनी पृथ्वीच्या पोटातील धातूंची कार्बाइडे आणि पाणी यांपासून तेल बनत असावे असा तर्क मांडला होता. १९३४ मध्ये आल्फ्रेड ट्रायब्स यांनी खनिज तेलात पॉर्फिरिन रेणू दाखवले, जे हरितद्रव्याच्या रेणूचेच अवशेष आहेत, आणि तेथून या वादाचा नूर बदलला. आज आम्ही जीवाणूंच्या पेशीपटलातून आलेले होपेन आणि शेवाळादींपासून आलेले स्टेरेन नेहमीच मोजतो. आपल्याकडील तृतीयक काळातील, म्हणजे डायनोसॉर नष्ट झाल्यानंतरच्या, तेलांत सपुष्प वनस्पतींचा ओलिअनेनही सापडतो, आणि सपुष्प वनस्पतीच क्रिटेशियस, म्हणजे डायनोसॉरांच्या अखेरच्या काळात फोफावल्या असल्यामुळे त्याने तेलाच्या वयालाही मर्यादा पडते. आणखी एक खूण मला विशेष आवडते. पानांच्या मेणात २७, २९, ३१ अशी विषम कार्बनसंख्या असलेल्या साखळ्या जास्त असतात. कोवळ्या शेलच्या अर्कात हा चढउतार करवतीच्या दातांसारखा स्पष्ट दिसतो. खडक तापत गेला की केरोजेनच्या तुटण्यातून सम-विषम दोन्ही साखळ्या भर घालतात आणि दात बोथट होत जातात. पिकलेल्या तेलात करवत दिसत नाही.

शेवटी तुमचा प्रयोग. निसर्गाला कोट्यवधी वर्षे लागतात ते काम प्रयोगशाळेत तापमान वाढवून काही दिवसांत होते: १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून मायकेल लेवन यांनी मातृखडकाचे तुकडे पाण्यासह बंद पोलादी पात्रात सुमारे ३३० अंशांना ७२ तास ठेवून पाण्यावर तरंगणारे तेल मिळवले, आणि ते नैसर्गिक तेलासारखेच होते. तुम्हाला याची ओबडधोबड आवृत्ती शिक्षकांच्या देखरेखीखाली, धूर ओढून घेणाऱ्या कपाटात करता येईल. कठीण काचेच्या परीक्षानळीत लिग्नाइटची कोरडी पूड घ्या, तोंडाला वाकडी नळी बसवा, नळी थोडी तिरपी धरून तापवा. आधी थंड भागावर पाण्याचे थेंब येतील, मग पिवळसर धूर, आणि मग तपकिरी, डांबरासारखा वास असलेले तेलकट ओघळ. ते ओघळ ब्रोमीनच्या पाण्यात हलवले तर त्याचा रंग उडेल, कारण घाईने फोडलेल्या या तेलात दुहेरी बंध असलेली ओलेफिने भरपूर असतात. नैसर्गिक खनिज तेलात ती जवळजवळ नसतात. तेथे तुटलेल्या टोकांना भोवतालच्या केरोजेनकडून आणि पाण्याकडून हायड्रोजन मिळवायला पुरेसा वेळ होता.